चौऱ्याऐंशीवर थांबलेला काटा

सिल्वासाजवळच्या अथालच्या पुलावर चढता चढता गाडीने एक आचका दिला. फार मोठा नाही. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, आणि शेजारच्या सीटवरचा डबा जागचा हलला नाही. पण मुकुंद गायधनीच्या समोर, काट्यांच्या खाली, इंजिनाच्या आकाराची छोटी पिवळी बत्ती लागली आणि लागून राहिली. गेल्या सहा वर्षांत ती एकदाही लागली नव्हती. नरोलीच्या प्लास्टिक दाण्यांच्या कारखान्यात सेन्सर आणि मीटर यांची सगळी जबाबदारी सांभाळणारा हा माणूस. तीस वर्षं बत्त्या वाचून त्याने पोट भरलं होतं. लाल म्हणजे काय, पिवळी म्हणजे काय, कोणती लागली की धावायचं आणि कोणती लागली की आधी चहा संपवायचा, हे तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. पण ही एवढीशी बत्ती बघून त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पुलाखाली दमणगंगा नेहमीसारखी संथ होती, जानेवारीचं ऊन कोवळं होतं, आणि त्याच्या मनात पहिला विचार गाडीचा आलाच नाही. सोमवार, असा एकच शब्द आला. सोमवार अजून सहा दिवस लांब होता.

सोमवारी त्याला जबाब द्यायचा होता. तीन वर्षांपूर्वी कारखान्यात भगवंत नावाचा इलेक्ट्रिशियन मिक्सरमध्ये अडकून मेला. ती फाइल तेव्हाच बंद झाली होती. मृताची स्वतःची चूक, असं तिच्यावर लिहिलं होतं, आणि खाली इतर सह्यांबरोबर मुकुंदची सही होती. आता कारखाने तपासणी खात्यात नवे अधिकारी आले होते आणि जुन्या अपघातांच्या फायली पुन्हा काढून ते प्रत्येकाला समोर बसवून विचारत होते. कारखान्याचा तरुण मॅनेजर तुषार याने कागद टाइप करून ठेवला होता. "गायधनी सर, तेच आहे, मागचंच. फक्त तारीख बदललीय. तुम्ही वाचून घ्या, सही तिथे जाऊनच करायची," असं म्हणून त्याने तो पाकिटात घालून दिला होता. पाकीट गाडीच्या कप्प्यात होतं. मुकुंदने ते उघडलं नव्हतं. वाचायचं काय त्यात? मृत कर्मचाऱ्याने वरिष्ठांना न कळवता झाकणाचा सुरक्षा-स्विच निकामी केला होता. हे वाक्य तीन वर्षांपूर्वी त्यानेच तयार केलं होतं, आणि त्यातला 'वरिष्ठांना न कळवता' हा तुकडा सुचल्यावर त्याला त्या वेळी, लाज वाटावी इतकं, हायसं वाटलं होतं.

संध्याकाळी त्याने गाडी सामरवरणीला भावेशच्या गॅरेजात नेली. भावेश गुजराती, वयाने लहान, तोंडाने तिखट. गाडी बघून तो नेहमीसारखा हसला, कारण ही गाडी म्हणजे एक तमाशाच होता. अंग वीस वर्षांपूर्वीच्या सेडानचं, आणि आत इंजिन दुसऱ्याच, त्यापेक्षा आठ वर्षं नव्या गाडीचं. कुठल्या तरी अपघातात पुढून शाबूत राहिलेल्या गाडीतून काढलेलं, त्याच्या कॉम्प्युटरसकट, त्याच्या वायरींच्या जुडग्यासकट. एकाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं. मुकुंदला याचा कोण अभिमान. पाहुणे आले की तो बॉनेट उघडून दाखवायचा, आणि वर्षा, त्याची बायको, आतून म्हणायची, "अहो, चहा गार होतोय, त्या बाईचं तोंड आता मिटा." भावेशने स्क्रीनवालं यंत्र स्टेअरिंगखाली लावलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "मुकुंदभाई, आ जुओ. इंजिनचं टेंपरेचर उणे चाळीस. आपण सिल्वासामां छीए के काश्मीरमां?" मग तो आकडा उडाला आणि चौऱ्याऐंशी झाला. पुन्हा उणे चाळीस. पुन्हा चौऱ्याऐंशी. "सेन्सर गया. नवो नाखी दऊं, बत्ती जाईल." मुकुंद मान हलवून हो म्हणाला. पण आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला हे दोन आकडे बघून जे कळायला हवं होतं, ते त्याला तिथेच कळलं होतं आणि त्याने ते कळू दिलं नाही. वायर कुठे तरी सुटली की उणे चाळीस दिसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण चौऱ्याऐंशी? त्र्याऐंशी नाही, पंच्याऐंशी नाही, दर वेळी नेमकं चौऱ्याऐंशी? उकळत्या पाण्याला असा शिस्तीचा स्वभाव नसतो. कुठे तरी पाणी मुरत होतं, आणि मुकुंदने भावेशला नवा सेन्सर घालायला सांगितलं.

नवा सेन्सर लागला, बत्ती गेली. बुधवारी गाडी निमूट चालली. गुरुवारी नरोलीच्या फाट्यावर पुन्हा तोच आचका, पुन्हा पिवळी बत्ती. आता मात्र तो तिच्याकडे बघत राहिला. कारखान्याच्या गेटापासून मशीनपर्यंत चालताना, कँटीनमध्ये, तुषारच्या केबिनबाहेर उभा असताना, ती डोळ्यांपुढून हलेना. उन्हात बघून सावलीत आलं की डोळ्यांपुढे ठिपका राहतो, तसं. मिक्सर आता नवा होता. जुना विकून टाकला होता, त्याची जागासुद्धा बदलली होती, आणि जिथे तो होता तिथे पोत्यांची थप्पी लागलेली असायची. तरी मुकुंद त्या थप्पीला वळसा घालून जायचा. तीन वर्षं जात होता. कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर धूळ असते तिथे, असं उत्तरही तयार होतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मुकुंदच्या मनात तीन वर्षं भरदुपार होती.

भगवंत पारोळ्याकडचा. खानदेशातून कामाला आलेल्या शंभर जणांपैकी एक, नरोलीत एका खोलीत बायको दुर्गा आणि मुलगी घेऊन राहणारा. शिक्षण थोडं, पण हात असा, की वायरींचा गुंता त्याच्यासमोर आपणहून सुटायचा. गाडीचं धड आणि डोकं जोडायचं ठरलं त्या हिवाळ्यात सुटीच्या प्रत्येक दिवशी तो मुकुंदच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये यायचा. वर्षा त्याला पोहे द्यायची. तो बशी तोंडाशी धरून खायचा आणि मग रंगीत वायरी बोटांवर मोजत, ओठ हलवत, एकेक जोडत जायचा. इंजिन बसलं, चालू झालं, सगळं झालं. पण ही बत्ती लागायची. जुन्या गाडीचे काटे आणि नव्या गाडीचा कॉम्प्युटर यांचं काही केल्या पटत नव्हतं, तपमानाचा काटा वेड्यासारखा वर-खाली करायचा, आणि दर दोन दिवसांनी पिवळी बत्ती. त्याच आठवड्यात मुकुंदच्या मेहुण्याची माणसं नाशिकहून येणार होती. मुकुंद वैतागून म्हणाला होता, "भगवंता, ती बत्ती मला दिसायला नको." बस्स, एवढंच. काय कर, कसं कर, काही नाही. रविवारी भगवंत हात पुसत आला आणि म्हणाला, "झालं साहेब. आता नाही दिसायची." काटा मधोमध उभा होता. मुकुंदने विचारलं नाही, काय केलंस. कशाला विचारायचं? काम झालेलं असताना ते कसं झालं हे विचारणारा माणूस कारखान्यात फार दिवस टिकत नाही. आपल्याकडे साहेबाला साहेब म्हणतात ते त्याने न विचारलेल्या प्रश्नांमुळेच.

सहा वर्षं काटा मधोमध होता. घाटात, उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये, मधोमध. मुकुंद पाहुण्यांना तो दाखवायचा. "बघा, ढिम्म हलत नाही." सकाळच्या थंडीत गाडी चालू व्हायला कुरकुरायची, चार चार वेळा चावी फिरवावी लागायची, पण तो म्हणायचा, म्हातारी आहे, तिला उठायला वेळ लागतो. एखाद्या घरात कुणीच कधी भांडत नाही, कुणी आजारी पडत नाही, कुणी रडत नाही, तर शेजारी काय म्हणतात? काही तरी आहे, असंच म्हणतात. मुकुंदने आपल्या काट्याबद्दल असं कधी म्हटलं नाही.

शनिवारी कारखान्याला सुटी होती. तो सकाळी सातला खाली उतरला. रात्रभर गाडी उभी होती, बॉनेटवर दव होतं, हात लावला तर लोखंड बर्फासारखं गार. त्याने चावी अर्धी फिरवली, इंजिन चालू न करता, आणि फोनवर आकडे वाचणारं यंत्र जोडलं. बाहेरची हवा सोळा. आत येणारी हवा सोळा. इंजिनाचं पाणी चौऱ्याऐंशी. रात्रभर थंड पडलेलं इंजिन स्वतःला तापलेलं समजत होतं. सकाळी ती का कुरकुरायची ते आता कळलं. कॉम्प्युटरला वाटायचं बाई गरम आहे, हिला जास्त पेट्रोल कशाला? मुकुंदने भावेशने घातलेला नवा सेन्सर शोधला, त्याची क्लिप दाबली आणि जोड उपसून हातात घेतला. आता वायर तुटली, आता उणे चाळीस दिसायलाच हवं. त्याने फोनकडे बघितलं. चौऱ्याऐंशी. सेन्सरचा जोड त्याच्या हातात होता, सुटा, कशाशीही न जोडलेला, आणि गाडी शांतपणे सांगत होती की सगळं ठीक आहे, चौऱ्याऐंशी.  पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. वॉचमन झिपरू तेवढा गेटापाशी शेकोटीला बसला होता, आणि त्याने तिथूनच विचारलं, "काय साहेब, बिघडली काय?" मुकुंद म्हणाला, "नाही. ठीकच दाखवतेय."

मग तो वायर धरून मागे मागे जात राहिला. इंजिनापासून आतल्या भिंतीपर्यंत, भिंतीतून डॅशबोर्डखाली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी माणसाने डॅशबोर्डखाली पाय वर आणि डोकं खाली करून झोपू नये. पाठीने तसं त्याला लगेच सांगितलं. तोंडात टॉर्च धरून त्याने कार्पेट सोललं. रेडिएटरच्या पंख्याची जाडी लाल वायर दिसली, चावीशी थेट जोडलेली, म्हणजे चावी फिरली की पंखा कायम चालू. मुकुंदने तिच्यावरून बोट फिरवलं. कॉम्प्युटर खोटं समजत असला तरी इंजिन उकळून मरू नये म्हणून भगवंतने हे केलं होतं. खोटं बोलायला सांगितलं तेव्हा तो खोटं बोलला, पण खोट्याच्या पाठीमागे पंखा चालू ठेवून गेला. पुढे, कॉम्प्युटरच्या डब्याजवळ, त्याला पिवळी कापडी टेप दिसली. तीच टेप. वर गुंडाळून शेवटी एक टोक दुमडून ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाला नखाने सोडवता येते, ही भगवंतची सवय. आत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर, कॉम्प्युटरला कायम चौऱ्याऐंशी सांगणारा, आणि त्याच्या एका पायाचा जोड सहा वर्षांनी गंजून लटपटणारा. तो हलला की उणे चाळीस, टेकला की चौऱ्याऐंशी. बिघाड एवढाच होता. आणि टेपच्या खाली, दोऱ्याने बांधलेली, सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याची एक चिठ्ठी होती.

चिठ्ठी बघायच्या आधीच तिच्यावर काय असणार हे त्याला माहीत होतं. भगवंतने कुठेही जंपर मारला, म्हणजे सेन्सरला वळसा घालून वायर जोडली, की तो चिठ्ठी बांधायचा. तारीख, कारण, आणि कुणाच्या सांगण्यावरून. कारखान्यात बाकीचे हसायचे. इलेक्ट्रिशियन जंपर मारतो तो लपवायला, हा त्याच्यावर पाटी लावतो. भगवंत म्हणायचा, "चिठ्ठी लावेल बरी साहेब. उद्या मी नसलो तं कोनाले समजीन?" टॉर्चच्या उजेडात पेन्सिलीची अक्षरं पुसट पण स्वच्छ होती. १३/१/१९. बत्ती दिसू नये म्हणून. गायधनी साहेब. मुकुंद तसाच, डोकं खाली, पाय सीटवर, पडून राहिला. तोंडातल्या टॉर्चवरून लाळ गळली ती त्याने पुसली नाही. त्याने बत्ती दिसायला नको एवढंच म्हटलं होतं. भगवंतने ते ऐकलं, केलं आणि ज्याचं होतं त्याच्या नावावर लिहून ठेवलं. गेली तीन वर्षं मुकुंद ज्या एका वाक्याच्या आडोशाला बसून होता, ते वाक्य असं, की मी भगवंतला स्विच काढ असं कधीच म्हणालो नव्हतो, मी म्हणालो होतो, लाइन थांबता कामा नये. हे खरं होतं. अक्षरशः खरं होतं. महिनाअखेर होती, मिक्सरच्या झाकणाचा स्विच धुळीने सारखा चुकीचा बोलायचा, झाकण बंद असताना उघडं म्हणायचा, लाइन थांबायची, आणि मुकुंदने फोनवर ओरडून सांगितलं होतं, लाइन थांबता कामा नये. पुढची माहिती त्याला नको होती. सहा वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये नको होती, तशीच.

पण आडोसा कच्चा होता, आणि हे त्यालाच सगळ्यांत आधी माहीत होतं. कारण दुसरी एक चिठ्ठी, मिक्सरच्या पॅनेलमधली. अपघाताचा दिवस त्याला नेहमी आवाजांशिवाय आठवायचा. सात महिने झाले होते झाकणाच्या स्विचला जंपर मारून. मिक्सरच्या आतला तपमानाचा सेन्सर बदलायला भगवंत वाकून आत उतरला होता, कमरेपर्यंत. खाली मेन स्विचपर्यंत जाऊन तो काढायला हवा होता. पण मुकुंदने दोनदा फोन केला होता, किती वेळ, किती वेळ. आणि वर झाकण उघडं होतं, झाकण उघडं असलं की यंत्र फिरत नाही असं सगळ्यांना वाटतं, कदाचित त्यालाही त्या घाईत वाटलं असेल. बटण दाबणारा माणूस दोनच दिवसांपूर्वी लागलेला. त्याचा दोष नव्हता. मुकुंद धावत पोचला तेव्हा माणसं अर्धवर्तुळात उभी होती आणि कुणी जवळ जात नव्हतं. तो जवळ गेला नाही. तो पॅनेलकडे गेला.  माणूस तिथे पडलेला, आणि हा पॅनेलकडे गेला, दार उघडलं, पिवळी टेप दिसली, चिठ्ठी दिसली. लाइन थांबू नये म्हणून. गायधनी साहेब. त्याने दोरा तोडला आणि चिठ्ठी मुठीत घेतली. जंपर तसाच ठेवला. तो काढला असता तर स्विच चांगला होता असं म्हणता आलं असतं. मग भगवंत मेला कसा, हे यंत्रालाच विचारावं लागलं असतं. जंपर राहिला आणि चिठ्ठी गेली, तेव्हा प्रश्नच उरला नाही. टेप भगवंतची, जोड भगवंतचा, हात भगवंतचा. सगळ्या कारखान्याने ती टेप ओळखली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती संध्याकाळभर त्याच्या पँटच्या खिशात होती. चौथ्या दिवशी वर्षाने धुण्यातून पँट काढली आणि बाल्कनीतून विचारलं, "खिशात काय काय ठेवता हो? सगळा लगदा झालाय." तिने तो लगदा नखाने काढून कुंडीत टाकला.

तो वर आला तेव्हा वर्षा वालपापडी सोलत होती. "झाली का दुरुस्त?" तिने विचारलं. तो बेसिनवर बराच वेळ हात धूत राहिला. "वर्षा, भगवंतची बायको कुठे राहते आता? तीच खोली?" ती थांबली. इतक्या वर्षांत त्याने भगवंतचं नाव घरात घेतलं नव्हतं, आणि हे तिच्या लक्षात होतं, हे त्याला तिच्या थांबण्यावरून कळलं. "तीच असेल. पॅकिंगला जाते म्हणतात. बाजारात दिसली होती दोन-तीनदा, मी हसले, ती हसली नाही." मग ती म्हणाली, "सोमवारचं काय आहे तुमचं?" तो म्हणाला, "सोमवारी सही आहे." ती पुन्हा शेंगा सोलू लागली. तीस वर्षांच्या संसारात तिलाही न विचारायची सवय लागली होती, आणि ती सवय तिला कुणी लावली हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. अजून चार वर्षं नोकरी होती. पुण्याला मुलगी मधुरा नुकतीच कामाला लागली होती. नाशिकचा फ्लॅट होता. सोमवारी खरं बोललं तर हे सगळं जाईल की थोडं जाईल, पोलीस येतील की फक्त नोकरी जाईल, हे त्याला ठाऊक नव्हतं. खोटं बोललं तर काय जाईल हे मात्र ठाऊक होतं. काहीच जाणार नव्हतं. आणि आता त्याला त्याच गोष्टीची भीती वाटत होती.

दुपारी त्याने रेझिस्टर कापून काढला, वायर खऱ्या सेन्सरला जोडली आणि इंजिन चालू केलं. काटा तळाशी पडलेला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा. मग तो उठला, अगदी हळू, आणि नरोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत मधोमध आला. पण तिथे थांबला नाही. सिग्नलला थोडा वर गेला, पंख्याच्या वाऱ्याने खाली आला, चढावर पुन्हा वर. पुलावर मुकुंदचे डोळे रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त होते. गाडी काही जास्त तापत नव्हती. ती नेहमी तशीच तापत आली होती, उठत होती आणि निवत होती, फक्त त्याला कळत नव्हतं. नरोलीत कंपन्यांच्या मागच्या गल्लीत, खोल्यांच्या लांबच लांब रांगेपुढे त्याने गाडी उभी केली. कलत्या दुपारी पाण्याच्या पिंपांमध्ये उन्हं चमकत होती, बायका दारांत बसलेल्या, कुणी तरी हिंदीत, कुणी तरी गुजरातीत मुलांना हाका मारत होतं. इथे तो एकदाच आला होता, प्रेतासोबत, आणि गाडीतून खाली उतरला नव्हता.

दुर्गा दारातच लसूण सोलत बसली होती. तिने त्याला ओळखलं आणि उठली, पदर सावरला. "या साहेब," ती म्हणाली, जणू तो दर शनिवारी येतो. खोलीत एक खाट, शेगडी, मुलीची दप्तरासारखी पिशवी खिळ्याला. मुकुंद खाटेवर टेकला नाही. बसलो तर बोलता येणार नाही, असं त्याला वाटलं. तो उभ्यानेच बोलला. कसं बोलला हे त्याला नंतर नीट आठवलं नाही. मध्ये एकदा त्याने लाइन थांबता कामा नये असं सांगितलं आणि लगेच, तिने काही विचारलेलं नसताना, "म्हणजे मीच सांगितलं," असं म्हटलं. चिठ्ठीचंही सांगितलं. मुठीचंही. वर्षाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती ऐकताना लसूण सोलत होती. ती ओरडेल, शेजारणी जमा होतील, कुणी तरी त्याची कॉलर धरेल, हे सगळं तो वाटेत मनात करून आला होता आणि त्या हातासाठी त्याने मान पुढे करून ठेवली होती. काहीच झालं नाही. तिचे हात तेवढे थांबले.

"काय सांगी राहिले साहेब तुम्ही," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. हातातली पाकळी तिने खाली ठेवली. "म्हंजे त्याची चूक नव्हती."

"नव्हती," मुकुंद म्हणाला. "त्याने लिहून ठेवलं होतं. मी ते तोडून घेतलं."

"तुम्ही तवा सांगितलं, सगळ्यांईनी सांगितलं, सोताच्या चुकीनं मेला. मले खरं वाटलं." तिचा आवाज चढला नाही. "तीन वरीस मी त्या मानसाले शिव्या देल्या साहेब. भाकरी टाकता टाकता. पोरीले ताप आला तं शिव्या, घरभाडं थकलं तं शिव्या. बायको-पोरीचा इचार नाही केला मेल्यानं, गेला सोताच्या हातानं, असं. पोरीलेबी तेच शिकवलं, बापासारखी बेफिकीर होऊ नको म्हनून. पितरपाटात तीन सालं पान नाही वाढलं त्याले. म्हटलं, उपाशी राहू दे." ती थांबली. मग मुकुंदकडे न बघता, दारातून बाहेर उन्हात बघत, अगदी हळू म्हणाली, "उपाशी ठेवला मी त्याले."

मुकुंदला वाटलं होतं की आपण त्या घरातून एक माणूस नेला. ते तो मनातल्या मनात कधी ना कधी कबूल करत आला होता. यंत्राने नेला, घाईने नेला, थोडा मीही नेला. पण मेल्यानंतरही तो रोज, या शेगडीपाशी, या बाईच्या तोंडून, पुन्हा पुन्हा नेला जात होता, आणि त्याची सोय आपण एका मुठीत करून ठेवली होती, हे त्याच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. तो म्हणाला, "सोमवारी मी हे सगळं तिथे लिहून देणार आहे. अधिकाऱ्यांसमोर." स्वतःच्या तोंडून ऐकेपर्यंत हे ठरलंय हे त्यालाही माहीत नव्हतं. तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "सोमवारचं सोमवारी," ती म्हणाली.

तो दाराकडे वळला. बोलून झालं होतं. बाहेर पडून गाडीत बसावं, काच वर करावी, एवढंच त्याला हवं होतं.

"जाऊ नका," दुर्गा म्हणाली. "पोरगी, रोहिणी, कामाले जाते, तिची शिफ्ट सहाले सुटते. बापाचं नाव काढलं तं ती पोर तोंड फिरवते. मी सांगितलं तं म्हनीन, आई आता कायबी बोलते. तुम्ही सांगा तिले. माझ्यासमोर. आता सांगितलं तसंच, त्या मुठीसकट." तिने लसणाची सालं गोळा केली, खाटेवरची गोधडी उचलून बाजूला ठेवली आणि हाताने जागा दाखवली. मुकुंद बसला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.